चिंगीचे पथ्य : गिरगावातील एका नाजूक पोटाच्या कुत्रीचे प्रकरण

चिंगी ही सुमारे पाच वर्षांची, नसबंदी झालेली देशी कुत्री. गिरगावातील एका चाळीत राहणाऱ्या पाच माणसांच्या कुटुंबाने ती पिल्लू असतानाच तिला रस्त्यावरून घरी आणले होते. जूनच्या अखेरीस ती माझ्याकडे तपासणीसाठी आली. जवळजवळ वर्षभर तिचे पोट अधूनमधून बिघडत होते. चार-पाच दिवस पातळ शी होई, तिच्याबरोबर चिकट आव पडे, कधी ताज्या रक्ताची एखादी रेघ दिसे. मग औषधाने किंवा आपोआप पोट ताळ्यावर येई आणि दोन-तीन आठवड्यांनी पुन्हा तेच सुरू होई. वजन 13.6 किलो भरले. तिच्या अंगकाठीच्या देशी कुत्रीचे वजन 15 किलोच्या आसपास असायला हवे होते आणि बरगड्याही हाताला जरा जास्तच लागत होत्या. एरवी ती उत्साही होती, भूक चांगली होती, केस चकचकीत होते आणि उलटीची तक्रार नव्हती. कुटुंबाच्या वतीने आजोबांनी एकच प्रश्न विचारला : “डॉक्टर, हिला कोणत्या कंपनीची पिशवी आणू, तेवढे सांगा.”

त्या दिवशी मी कोणत्याही कंपनीचे नाव सांगितले नाही. नाजूक पोटाच्या कुत्र्यासाठी अन्न निवडताना दुकानातली पिशवी हा शेवटचा प्रश्न असतो. त्याआधी बिघाड आतड्याच्या कोणत्या भागात आहे, अन्नाखेरीज दुसरे कारण आहे का आणि या जनावराच्या तोंडात दिवसभरात प्रत्यक्षात काय काय जाते, हे ठरवावे लागते. यातल्या तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर मिळायला सर्वात जास्त वेळ लागतो आणि बहुतेक प्रकरणांचा निकालही त्याच उत्तरावर लागतो, असे माझे मत आहे.

पहिल्या प्रश्नाचे उत्तर आजोबांच्या वर्णनातच होते. लहान आतडे बिघडले की शी मोठ्या प्रमाणात पण मोजक्या वेळा होते, कधी ती काळपट असते आणि वजन झपाट्याने उतरते. मोठे आतडे बिघडले की जनावर दिवसातून अनेकदा घाईने बाहेर धावते, प्रत्येक वेळी थोडीशीच शी होते, कुंथावे लागते, आव आणि ताजे रक्त दिसते. चिंगीची लक्षणे दुसऱ्या प्रकारची होती. वजन थोडे कमी होते, पण त्याचे कारण घरच्यांनीच सांगितले : पोट बिघडले की आजी तिला लंघन घडवत असत, आणि असे दिवस वर्षभरात पुष्कळ झाले होते.

अन्नाकडे वळण्यापूर्वी इतर कारणे दूर करणे आवश्यक होते. तीन वेगवेगळ्या दिवशीच्या शीच्या नमुन्यांची तपासणी केली, कारण जिआर्डियासारखे परजीवी रोज दिसतातच असे नाही. जिआर्डियाची प्रतिजन चाचणीही, म्हणजे शीत त्या परजीवीची प्रथिने शोधणारी चाचणी, केली. रक्तात अल्ब्युमिन (रक्तातील एक प्रथिन), जीवनसत्त्व बी-12 आणि कॉर्टिसोल (एक संप्रेरक) पाहिले आणि मुंबईत गोचीड-ताप सर्रास आढळत असल्यामुळे त्याचीही चाचणी केली. कशातही दोष आढळला नाही. जंताचे औषध मात्र मुदतीनुसार दिले. तीन आठवड्यांहून अधिक काळ चालणाऱ्या किंवा पुन्हा पुन्हा उलटणाऱ्या अशा पोटाच्या तक्रारींत निम्म्याहून अधिक कुत्री केवळ अन्न बदलल्याने सुधारतात. त्यामुळे दुर्बिणीची तपासणी आणि आतड्याचा बारीक तुकडा तपासायला काढणे हे पुढच्या टप्प्यासाठी राखून ठेवता आले.

अन्न बदलण्याचा प्रयत्न कुटुंबाने केला नव्हता, असे नाही. उलट तो फार वेळा केला होता. वर्षभरात चार वेगवेगळी कोरडी खाद्ये आणली गेली होती. पहिले चिकनचे होते. पोट बिघडताच “हिला चिकन चालत नाही” असा निष्कर्ष निघाला आणि तो घरात कायमचा मुक्कामाला आला. दुसरे खाद्य कोकराच्या मांसाचे आणि धान्यविरहित होते. धान्य नसलेले अन्न पोटाला हलके, ही समजूत मुंबईत आता फार पसरली आहे. वास्तविक धान्याचे वावडे असणारी कुत्री थोडी असतात, आणि वाटाणा, मसूर यांसारख्या कडधान्यांवर बेतलेल्या अशा काही खाद्यांचा हृदयाच्या स्नायूंच्या विकाराशी संबंध असू शकतो का, याची चौकशी अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने जुलै 2018 मध्ये जाहीर केली होती. तिसरे खाद्य पिल्लांसाठीचे, म्हणजे अधिक स्निग्ध होते. चौथे दुकानदाराने मोठ्या पोत्यातून काढून सुटे दिले होते. त्यावर ना घटकांची यादी होती, ना वापराची मुदत. प्रत्येक वेळी जुने खाद्य एका दिवसात बंद करून नवे सुरू केले गेले आणि पोट बिघडले की तेही बंद झाले. निरोगी कुत्र्याचेही खाद्य सात ते दहा दिवसांत टप्प्याटप्प्याने बदलावे लागते. तसे न केल्यास आतड्यातील जिवाणूंना जुळवून घ्यायला अवधी मिळत नाही आणि जुलाब होतात. तेव्हा या चारपैकी कोणत्याही खाद्याबद्दल काहीही सिद्ध झालेले नव्हते, चिकनबद्दल तर नाहीच.

दरम्यान मेट्रोनिडाझोलच्या गोळ्याही अनेकदा दिल्या गेल्या होत्या. त्यांनी दोन दिवसांत आराम पडे, म्हणून घरच्यांचा त्यांच्यावर विश्वास बसला होता. परंतु असे साधे जुलाब बहुतेकदा काहीही न देता थोड्याच दिवसांत थांबतात, आणि हे प्रतिजैविक आतड्यातील उपयुक्त जिवाणूंची घडी आणखी विस्कटते. अन्नाचे परीक्षण, म्हणजे काही आठवडे एकच ठरावीक अन्न देऊन पाहणे, चालू असताना त्या गोळ्या द्यायच्या नाहीत, हे मी पहिल्याच भेटीत ठरवून घेतले.

मग वहीचा विषय निघाला. आठवडाभर चिंगीच्या तोंडात जे जे जाईल ते सर्व, देणाऱ्याला न रागावता, लिहून ठेवा, अशी विनंती मी आजोबांना केली. आजोबा आयुष्यभर हिशेबाच्या वह्या लिहीत आलेले गृहस्थ. त्यांनी नोंद इतकी नेटकी ठेवली की ती वाचताना चाळीचा सगळा दिवस डोळ्यांसमोर उभा राहिला. सकाळी चहाच्या वेळी आजीकडून वाटीभर दूध आणि त्यात कुस्करलेली ग्लुकोज बिस्किटे. दहा वाजता गॅलरीतल्या शेजारच्या काकूंकडून पोळीचा तुकडा, त्याला कधी तूप तर कधी कालच्या भाजीचा रस्सा. दुपारी मासळी केली की सुक्या बोंबलाची डोकी. शाळेतून आल्यावर नातीच्या डब्यात उरलेले चीज. संध्याकाळी खाली उतरताना रखवालदाराकडून आणखी दोन बिस्किटे. रविवारी मटणाचे हाड. आणि गिरगाव चौपाटीवर फिरायला नेल्यावर, दोर सैल सोडलेला असल्यामुळे, वाळूत सांडलेली भेळ आणि लाटेचे दोन-चार घोट. समुद्राचे खारे पाणी आतड्यात पाणी ओढून घेते आणि तेवढ्यानेही जुलाब होऊ शकतात, याची कुटुंबाला कल्पना नव्हती.

या नोंदीचा हिशेब मी त्यांच्यासमोर बसून मांडला. किलोमधील वजनाचा 0.75 वा घात काढून त्याला 70 ने गुणले की विश्रांतीच्या अवस्थेत लागणारी दैनंदिन ऊर्जा मिळते. 15 किलोच्या कुत्रीसाठी ती सुमारे 535 किलोकॅलरी येते आणि नसबंदी झालेल्या, घरात राहणाऱ्या पण रोज फिरणाऱ्या कुत्रीसाठी तिची दीडपट, म्हणजे 800 च्या आसपास धरता येते. 6 टक्के स्निग्धांशाचे 200 मिलिलिटर दूध आणि दिवसभरातली दहा-एक ग्लुकोज बिस्किटे मिळूनच 400 किलोकॅलरींच्या वर जात होते. वरचा खाऊ एकूण ऊर्जेच्या दहा टक्क्यांत राहावा, असा संकेत आहे. इथे तो निम्म्यावर गेला होता. शिवाय तेवढ्या दुधात सुमारे 10 ग्रॅम लॅक्टोज, म्हणजे दुधातील साखर, असते आणि प्रौढ कुत्र्यांच्या आतड्यात ते पचवणारे विकर बहुधा कमी झालेले असते. रस्सा असेल त्या दिवशी कांदा-लसूणही पोटात जात होता. हे पदार्थ कुत्र्याच्या तांबड्या पेशींना इजा करतात, म्हणून तो तुकडा त्याच दिवसापासून थांबवला. पिशवी कोणतीही आणली असती, तरी हे सगळे चालू असताना तिचा गुण किंवा दोष कळणे शक्य नव्हते.

खरी निवड आता सुरू झाली. आजींची इच्छा घरी शिजवून देण्याची होती आणि ती मला मनापासून पटणारी होती, कारण घरच्या अन्नात काय आहे हे करणाऱ्याला ठाऊक असते. उकडलेले चिकन आणि मऊ भात दोन-चार दिवसांचे पथ्य म्हणून उत्तम. पण महिनोन्‌महिने तेवढेच दिले तर कॅल्शियम, जस्त, तांबे, आयोडिन, जीवनसत्त्वे ड आणि ई यांची कमतरता होते. मांसात फॉस्फरस भरपूर आणि कॅल्शियम नगण्य असल्यामुळे हाडांवर परिणाम होतो. घरचे पूर्ण अन्न द्यायचे तर पाककृती पशुआहारतज्ज्ञाकडून बांधून घ्यावी लागते आणि पूरक चूर्ण मोजून घालावे लागते. ते करण्याची आजींची तयारी होती. अडचण वेगळीच निघाली. वावड्याचे परीक्षण करताना जनावराने पूर्वी कधीच न खाल्लेले प्रथिन निवडावे लागते, आणि या घरात चिंगीने न खाल्लेले असे काही उरलेच नव्हते. चिकन झाले होते, अंडे झाले होते. सुक्या बोंबलामुळे मासळी बाद झाली. मटण तर रविवारचे ठरलेलेच, आणि बोकड व गाय जवळच्या कुळातली असल्यामुळे, दुधाचा संशय असताना मटणाला निर्दोष मानणेही कठीण.

मासळीबद्दल आणखी एक व्यावहारिक विचार होता. पश्चिम किनाऱ्यावर 1 जून ते 31 जुलै यांत्रिक बोटींची मासेमारी बंद असते, बाजारात ताजी मासळी कमी आणि महाग होते. आणि बंदी उठते न उठते तोच श्रावण लागतो, ज्या महिन्यात या घरात सामिष शिजतच नाही. परीक्षणाचे अन्न आठवडेच्या आठवडे, एकही दिवस न चुकता मिळायला हवे. चिंगीसाठी श्रावणात वेगळ्या भांड्यात शिजवू, असे आजी म्हणाल्या; पण महिनाभर त्यांच्यावर हा भार टाकणे मला उचित वाटले नाही. घराच्या रीतीशी झगडणारे पथ्य टिकत नाही.

म्हणून हायड्रोलाइज्ड प्रथिनांचे खाद्य निवडले. यात प्रथिनांचे इतके बारीक तुकडे केलेले असतात की आतड्यातील रोगप्रतिकारक यंत्रणेला मूळ प्रथिन सहसा ओळखता येत नाही; त्यामुळे जनावराने पूर्वी काय खाल्ले होते हा प्रश्नच बाजूला पडतो. हिल्सच्या झेड/डी या खाद्यात चिकनच्या यकृतापासून केलेले असे प्रथिन असते, तर रॉयल कॅनिनच्या हायपोअ‍ॅलर्जेनिक खाद्यात मुख्यतः सोयाबीनपासून केलेले. घरात चिकनवर आळ असल्यामुळे सोयाबीनचे घेतले, म्हणजे निकालावर शंकेची सावली राहणार नाही. दुकानात साध्या ‘मर्यादित घटकांच्या’ पिशव्या स्वस्तात मिळतात, परंतु अशा अनेक खाद्यांत यादीत नसलेली प्रथिनेही सापडलेली आहेत. रोजच्या वापराला त्या चालतील. परीक्षणासाठी त्यांच्यावर विसंबता येत नाही. लाळेवरून किंवा केसांवरून वावडे सांगणाऱ्या चाचण्यांबद्दल घरातल्या सूनबाईंनी विचारले होते; अन्नाच्या वावड्यासाठी त्या भरवशाच्या नाहीत, हे मी स्पष्ट सांगितले.

खर्चाची गोष्ट आजोबांनी उघडपणे काढली, हे चांगले झाले. हे खाद्य नेहमीच्या खाद्याच्या कित्येक पट महाग असते. ते जन्मभरासाठी नसून उत्तर मिळेपर्यंतच आहे, आणि पोटाच्या तक्रारीत दोन ते तीन आठवड्यांत फरक दिसायला हवा, न दिसल्यास आपण ते ताणणार नाही, असे आमच्यात ठरले.

चाळीत पथ्य पाळणे हे बंद दाराच्या फ्लॅटपेक्षा अवघड. नातीने पुठ्ठ्यावर “चिंगी पथ्यावर आहे, कृपया काहीही देऊ नये” असे मोठ्या अक्षरांत लिहून गॅलरीत टांगले. शेजारच्या काकूंना वाईट वाटू नये म्हणून चिंगीच्या रोजच्या मोजलेल्या खुराकातलेच मूठभर दाणे एका डबीत त्यांच्याकडे ठेवले. तशीच डबी रखवालदाराकडेही दिली. माणसांचा लळा कायम राहिला आणि पथ्यही मोडले नाही. गोचिडांवरची चघळण्याची गोळी मांसाच्या चवीची असल्यामुळे त्या काळापुरते मानेवर टाकण्याचे औषध वापरले. चौपाटीऐवजी गल्लीतून, आखूड दोराने फेरी सुरू झाली. शीची नोंद 1 ते 7 या प्रमाणपट्टीवर ठेवायची होती, जिच्यात 2 म्हणजे घट्ट व घडीव आणि 7 म्हणजे पाण्यासारखी. सुरुवातीला वहीत 5 आणि 6 हेच आकडे होते.

नवे खाद्य आठवडाभरात टप्प्याने वाढवत नेले. पहिले काही दिवस चिंगीने तोंड फिरवले. दाण्यांवर कोमट पाणी घालून दिल्यावर ती खाऊ लागली. पूर्ण खाद्यावर आल्यानंतरच्या दुसऱ्या आठवड्यात आकडा 3 वर आला, आव थांबली, आणि ती पहाटे दारापाशी अस्वस्थ होऊन उठवत नाही, हे सूनबाईंच्या प्रथम लक्षात आले. नारळी पौर्णिमेनंतर मात्र एकाएकी 6 ची नोंद झाली. कोणालाही दोष द्यायचा नाही, हा नियम इथे उपयोगी पडला : वरच्या मजल्यावरच्या मुलाने स्वतःहून येऊन सांगितले की त्याने तिला नारळीभात भरवला होता. खोबरे, तूप आणि गूळ यांचा तो परिणाम होता. औषध न देता तीन दिवसांत शी पूर्वपदावर आली. या चुकलेल्या घासाने मला खाद्याबद्दल अधिक खात्री दिली, कारण बिघाड आणि त्याचे कारण प्रथमच शेजारी शेजारी उभे राहिले.

गणपतीचे दिवस संपेपर्यंत आम्ही काहीही नवे सुरू केले नाही. घरात मोदक, पेढे आणि पाहुणे असताना केलेल्या निरीक्षणाला अर्थ राहिला नसता. त्यानंतर वजन 14.7 किलो असताना एकेक पदार्थ परत देऊन पाहण्याचा टप्पा सुरू केला. अनेक कुटुंबे हा टप्पा गाळतात; कुत्रे बरे झाले आहे, आता कशाला डिवचायचे, असे त्यांना वाटते. ते स्वाभाविक आहे, पण त्याविना कुत्रे महागड्या खाद्यावर विनाकारण जन्मभर अडकून पडते आणि निर्दोष पदार्थावरचा आळही कायम राहतो.

सर्वप्रथम चिकन दिले, कातडी काढून उकडलेले, रोज थोडे, दोन आठवडे. काहीही झाले नाही. आजींचा यावर विश्वास बसेना, म्हणून आणखी काही दिवस चालू ठेवले. शी 2 आणि 3 यांतच राहिली. नंतर तूप न लावलेली गव्हाची पोळी दिली, तीही पचली. शेवटी दूध. तिसऱ्या दिवशी आव पडली, घाई सुरू झाली, वहीत 5 आणि मग 6 लिहिले गेले. दूध थांबवताच चौथ्या दिवशी पोट स्थिर झाले. हा त्रास लॅक्टोजचा की दुधातील प्रथिनांचा, हे लॅक्टोजमुक्त दूध देऊन वेगळे काढता आले असते. मी ते सुचवले नाही. कोणतेही उत्तर आले तरी चिंगीला दूध द्यायचे नव्हतेच, आणि केवळ जिज्ञासेपोटी तिला पुन्हा त्रास देणे मला मान्य नव्हते. चीज, पेढा, दुधाची भुकटी आणि दुधाचे घन घटक असणारी बिस्किटे ही सर्व त्याच यादीत गेली.

त्यामुळे कायमचे खाद्य चिकन आणि तांदळाचे, प्रौढ कुत्र्यांसाठीचे, साधे निवडता आले. पिशवी निवडताना आजोबांना मी चार गोष्टी पाहायला सांगितल्या. अन्न प्रौढ कुत्र्यासाठी ‘पूर्ण व संतुलित’ असल्याचे विधान हवे. घटकांत दूध किंवा चीजची पूड नको. प्रति 100 ग्रॅम ऊर्जा छापलेली असावी, म्हणजे खुराक मोजता येतो. आणि स्निग्धांश 12 ते 14 टक्क्यांच्या आसपास असावा. ओले आणि कोरडे खाद्य यांची तुलना करताना पाण्याचा अंश वजा करायला हवा, नाहीतर फसगत होते : 10 टक्के ओलावा व 14 टक्के स्निग्धांश असलेल्या कोरड्या खाद्यात कोरड्या भागाच्या हिशेबाने स्निग्धांश सुमारे 15.5 टक्के असतो, तर 78 टक्के ओलावा आणि अवघा 5 टक्के स्निग्धांश छापलेल्या ओल्या खाद्यात तो 22 टक्क्यांच्या वर जातो. सून आवडीने आणत असलेली ओली पाकिटे त्यामुळे बंद झाली. निवडलेल्या खाद्यात 100 ग्रॅमला 380 किलोकॅलरी होत्या. दिवसाला 210 ग्रॅम, दोन वेळांत विभागून, असे प्रमाण बांधून दिले.

मुंबईच्या हवेत साठवणुकीलाही तितकेच महत्त्व आहे. दमट हवेत उघड्या पिशवीतील स्निग्धांश खवट होतो आणि दाण्यांवर बुरशी धरू शकते. बुरशीची काही विषे यकृताला घातक असतात. म्हणून महिनाभरात संपेल एवढीच पिशवी आणावी, दाणे सुटे न ओतता पिशवीसकट घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवावेत, जुन्या दाण्यांवर नवे ओतू नयेत आणि सुटे खाद्य विकत घेऊच नये, असे ठरले. इसबगोल पाण्यात भिजवून छोटा चमचाभर देण्याची मुभा ठेवली आहे. मोठ्या आतड्याच्या जुलाबात त्याच्या विद्राव्य तंतूंचा चांगला उपयोग होतो. परीक्षणाच्या काळात मात्र ते मुद्दाम टाळले होते.

दिवाळीनंतर चिंगीचे वजन 15.2 किलो भरले. सकाळच्या चहाला आजी आता दुधाऐवजी उकडलेल्या लाल भोपळ्याच्या दोन फोडी देतात, आणि त्या वहीत लिहिलेल्या असतात. पोट पुन्हा दोन आठवड्यांहून अधिक काळ बिघडले किंवा वजन घटू लागले, तर बी-12 आणि अल्ब्युमिनची तपासणी परत करून मग दुर्बिणीचा विचार करायचा, असे आजोबांना लिहून दिले आहे.